मदत हवी आहे: जन्माचं वजन कमी होतं, आता मुलीचं बीपी जास्त येतंय

मुलगी सहा वर्षांची आहे. दिवस पूर्ण भरून झाली, पण जन्माचं वजन 2.1 किलो. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही, वर्षभरात वजनही छान भरलं. परवा खोकल्यासाठी नेलं तेव्हा नर्सने बीपी घेतलं, वरचा आकडा 114. ती रडत होती. शांत झाल्यावर डॉक्टरांनी स्वतः घेतलं तर 106. "जन्माचं वजन कमी होतं ना, लक्ष ठेवू," म्हणाले आणि पुन्हा बोलावलंय.

घरात कोणी मनावर घेत नाहीये, कारण मोठ्यांना 114 म्हणजे उत्तमच. पण 13 वर्षांखालच्या मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्त्यात बघतात, आणि तिच्या वयाला 114 जास्तच आहे.

वाचल्यावर कळलं की डेव्हिड बार्कर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी 1980 च्या दशकातच कमी जन्मवजन आणि मोठेपणीचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला होता. मूत्रपिंडातले नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे भाग, साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत पोटातच तयार होतात, नंतर नवीन होत नाहीत. म्हणजे जन्माला लहान असलेल्या बाळात ते कमी असू शकतात, आणि त्यामुळे पुढे बीपी वाढू शकतं. हे वाचून पोटात गोळाच आला.

किडनीची सोनोग्राफी आत्ताच करून घ्यावी का? घरी मशीन आणू का? आणि ती बारीक आहे म्हणून सगळे तिला आग्रहाने खायला घालतात, ते बरोबर आहे का? कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, मी लहान मुलांच्या ओपीडीत काम करते. जन्मवजनाचा परिणाम खरा आहे, पण छोटा. एक किलोच्या फरकामागे बीपीत पाऱ्याचे एकदोन मिलिमीटर, एवढाच. मुलाचं आत्ताचं वजन त्याहून जास्त बोलतं. म्हणून तो आग्रह थांबवा. जन्माला लहान आणि नंतर भराभर जाड झालेल्या मुलांचंच बीपी जास्त चढतं. बारीक पण उंची नीट वाढतेय, तर उत्तम.

रडताना घेतलेला आकडा सोडून द्या. पुढच्या वेळी पट्टा बघा. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के रुंद हवी. लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय खाली टेकलेले, उजवा हात. वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त आलं तरच हायपरटेन्शन, म्हणजे उच्च रक्तदाबाचा आजार, म्हणतात. तसं ठरलं तर लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बघायची रक्ततपासणी), गरजेप्रमाणे सोनोग्राफी. घरचं मशीन आत्ता नको, मोठ्यांचा पट्टा लावून फक्त घाबराल.

मात्र सकाळी डोळे सुजणं, लघवी लाल किंवा फेसाळ होणं, सारखं डोकं दुखणं, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

जन्माच्या वेळची फाइल सोबत न्या. गरोदरपणात तुमचं बीपी वाढलं होतं का? डॉक्टर ते नक्की विचारतील.