पहिला युरोप प्रवास : बडोद्याहून दोघेच, १४ दिवसांत किती शहरे?

दांडियाबाजारकर

नमस्कार. पुढील वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त पत्नीसह युरोपला जाण्याचा विचार आहे. आम्हा दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास असेल. पत्नी शिक्षिका असल्यामुळे मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळीची सुट्टी असे दोनच पर्याय आमच्यापुढे आहेत. नवरात्रात बडोदा सोडण्याचा तर प्रश्नच येत नाही.

साधारण १४ दिवस हाताशी आहेत. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम आणि जमल्यास प्राग अशी यादी केली आहे. यांपैकी व्हेनिसचा आग्रह पत्नीचा आहे, कारण लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमधील व्हेनिशियन मोझेकची जमीन ती लहानपणापासून पाहत आली आहे आणि ती कला जिथली, ते गाव तिला पाहायचे आहे. पॅरिसला उतरणार असू तर फ्रान्सचाच व्हिसा घ्यावा लागतो, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का? पत्नीचा गुडघा अधूनमधून दुखतो आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. टूर कंपनीबरोबर जावे की स्वतः आखणी करावी, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांडवीकर

सर्वप्रथम लंडन आणि प्राग ही दोन नावे खोडावीत, असे मी सुचवेन. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नसल्यामुळे लंडनसाठी स्वतंत्र व्हिसा, स्वतंत्र शुल्क आणि कागदपत्रांची दुसरी फाइल लागेल. प्राग सुंदर आहे, परंतु आपल्या उरलेल्या मार्गापासून ते बाजूला पडते आणि व्हिएन्ना व बुडापेस्ट यांच्या जोडीने केलेल्या वेगळ्या प्रवासात ते अधिक शोभते. ॲमस्टरडॅम पॅरिसहून रेल्वेने साधारण साडेतीन तासांवर असल्यामुळे ते सोडणे जिवावर येते, हे मला मान्य आहे; पण १४ दिवसांत सात शहरे म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅग भरणे, स्थानक गाठणे आणि नव्या हॉटेलची खोली मिळेपर्यंत दुपार घालवणे. गुडघा दुखणाऱ्या माणसाला संग्रहालयापेक्षा हे स्थलांतरच अधिक दमवते.

मी आपल्या जागी असतो तर पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमधील लुसर्न तीन, व्हेनिस दोन आणि रोम चार असा क्रम ठेवला असता. पॅरिसहून बाझेलपर्यंत जलद रेल्वेने सुमारे तीन तास आणि तिथून लुसर्न आणखी तासाभरावर आहे. लुसर्नहून मिलानला जाणारी गाडी ५७ किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यातून आल्प्स ओलांडते, मिलानहून व्हेनिस अडीच तासांच्या आत येते आणि व्हेनिसहून रोम चार तासांत. विमानाचे तिकीट मात्र पॅरिसला उतरून रोमहून परतण्याचे, म्हणजे मल्टी-सिटी पद्धतीचे काढावे. त्यामुळे परतीसाठी पुन्हा पॅरिस गाठण्याचा एक दिवस आणि त्याचे भाडे वाचते. विमान मुंबईहून घ्यावे की अहमदाबादहून, हे दोन्हीकडची भाडी पाहून ठरवावे.

मे की दिवाळी, या प्रश्नावर माझे मत स्पष्टपणे मे महिन्याच्या बाजूने आहे. नोव्हेंबरच्या मध्यात पॅरिसमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, स्वित्झर्लंडमधील अनेक रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद असतात आणि व्हेनिसमध्ये भरतीचे पाणी रस्त्यांवर येण्याचा तोच हंगाम असतो. मेच्या अखेरीस पॅरिसमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी हॉटेलवर येऊन पायांना विश्रांती दिली तरी संध्याकाळ हातची जात नाही.

स्वित्झर्लंडमध्ये ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखला गेलेच पाहिजे, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्याचे भाडे बरेच आहे आणि ढग आले तर वर काहीच दिसत नाही. त्याऐवजी लुसर्नहून बोटीने फिट्झनाउला जावे आणि तिथून दातेरी चाकांच्या रेल्वेने रिगी पर्वतावर चढावे. १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातील पहिली पर्वतीय रेल्वे आहे आणि स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट व रेल्वे दोन्ही येतात. सकाळी उठून आकाश पाहून बेत ठरवता येतो, ही त्यातली मोठी सोय.

आठवड्याचे वार जुळवताना एवढे ध्यानात ठेवावे, की पॅरिसमधील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तिथलेच ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. लूव्र, आयफेल टॉवरची लिफ्ट, व्हॅटिकन आणि कोलोसियम यांची वेळ ठरवून ऑनलाइन तिकिटे काढावीत. कोलोसियमची तिकिटे नावावर असतात, म्हणून पासपोर्टवरील नावच तंतोतंत लिहावे.

सुरसागरकाठ

व्हिसाविषयीच लिहिते, कारण मार्गाचे मांडवीकरांनी नीट सांगितले आहे.

आपल्या परिचितांनी सांगितलेला नियम अर्धवट आहे. शेंगेन व्हिसासाठी अर्ज त्या देशाकडे करायचा असतो, जिथे आपला मुक्काम सर्वांत जास्त आहे; दोन देशांतील मुक्काम सारखाच असेल, तेव्हाच पहिल्या प्रवेशाचा देश पाहिला जातो. वरच्या आराखड्यात इटलीत सहा रात्री आहेत, फ्रान्समध्ये चार आणि स्वित्झर्लंडमध्ये तीन. म्हणजे आपण पॅरिसला उतरलात तरी अर्ज इटलीकडेच करावा लागेल. म्हणूनच मार्ग आधी पक्का करावा आणि अर्ज नंतर भरावा. अर्ज दिल्यावर रोमची रात्र कापून पॅरिसला जोडण्याचा मोह धरू नये.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मार्च-एप्रिलमध्ये अर्जकेंद्रांच्या वेळा भरून जातात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घेतलेली बरी. अनेक देशांची अर्जकेंद्रे अहमदाबादेत असल्यामुळे बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. बोटांचे ठसे द्यायचे असल्याने पहिल्या वेळी दोघांनाही प्रत्यक्ष जावे लागेल. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो असून केंद्राचा सेवा आकार वेगळा असतो. व्हिसा नाकारला गेल्यास ही रक्कम परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी असावे. ताईंना शाळेकडून रजेचे व ना हरकतीचे पत्र घ्यावे लागेल आणि ते सुट्टीच्या गडबडीत नव्हे, तर सत्र चालू असतानाच मागावे. त्यांच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँकेचे खातेपत्रक यांत मेळ असावा. अर्जाच्या आधल्या आठवड्यात कुणाकडून मोठी रक्कम आणून खात्यात भरली तर ती लगेच नजरेत येते आणि खुलासा द्यावा लागतो. हॉटेले विनामूल्य रद्द करता येतील अशीच आरक्षित करावीत. रेल्वेची स्वस्त तिकिटे बहुधा परत करता येत नाहीत, तेव्हा ती व्हिसा हाती आल्यावरच काढावीत, मग थोडे जास्त पडले तरी चालेल.

आणखी एक. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर प्रवाशांची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाच्या वेळी रांगेत वेळ जाऊ शकतो. उतरल्याच्या दिवशी कोणतेही वेळेचे तिकीट काढू नये.

अलकापुरी_वाचक

माझे मत थोडे वेगळे आहे. पहिलाच परदेश प्रवास, गुडघ्याचा त्रास आणि शाकाहार या तिन्ही गोष्टी एकत्र असताना टूर कंपनीचा पर्याय इतक्या सहज बाजूला सारू नये. सामान बसमध्ये राहते, संध्याकाळी भारतीय जेवण मिळते, व्हिसाची फाइल लावून मिळते आणि काही बिनसले तर मराठी किंवा गुजराती बोलणारा माणूस सोबत असतो. ही सोय लहान नाही.

मात्र कार्यक्रमपत्रिका वाचताना ‘पाहणे’ आणि ‘बसमधून पाहणे’ यांतला फरक विचारून घ्यावा. अनेक सहलींत हॉटेल शहराबाहेर असते आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर शहरात जाण्याचा मार्ग उरत नाही. व्हेनिससारख्या ठिकाणी दिवसा गर्दी असते आणि खरी मजा संध्याकाळी पर्यटक परतल्यानंतर असते. ती समूहाबरोबर क्वचितच मिळते. पॅकेजच्या रकमेवर टीसीएस (पैसे भरतानाच कापून घेतला जाणारा कर) घेतला जातो, परंतु तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे त्याला वाढीव खर्च मानू नये.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी चर्चा करून लंडन, प्राग आणि नाइलाजाने ॲमस्टरडॅम यांवर काट मारली आहे. मे महिना आणि स्वतःची आखणी, असे ठरले. टूर कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हेनिससाठी अवघी एक दुपार दिसल्यामुळे पत्नीने निर्णय तिथेच दिला. आता दोनच शंका उरल्या आहेत : जिन्यांचा त्रास कुठे होईल, आणि घरचे खाणे किती न्यावे?

मांडवीकर

पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट अभावानेच आहे. १४ क्रमांकाची मार्गिका तेवढी पूर्णपणे सोयीची आहे. शहरात बसने फिरावे, त्यात शहरही दिसते. व्हेनिसमध्ये पुलांना पायऱ्या असतात आणि चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. त्यामुळे हॉटेल सांता लुचिया स्थानकाजवळ, शक्यतो मध्ये पूल न लागणारे घ्यावे आणि पुढे वापोरेत्तो या जलबसने फिरावे. व्हेनिसमध्ये उन्हाळ्याच्या ठराविक दिवशी एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. तिथे मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असले तरी नोंदणी करून ठेवावी. रोममध्ये दगडी फरसबंदी आहे, तेव्हा नवे बूट घेणार असाल तर ते महिनाभर आधी घेऊन सुरसागर तलावाभोवती रोज एक-दोन फेऱ्या माराव्यात.

खाण्याचे म्हणाल, तर खाकरा, थेपले आणि लिलो चिवडा खुशाल न्यावा. पेढे, श्रीखंड, तूप असे दुधाचे पदार्थ मात्र बॅगेत घालू नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. पॅरिसमध्ये गार द्यू नॉर स्थानकाच्या मागील ला शापेल भागात इडली-डोशाची दक्षिण भारतीय उपाहारगृहे आहेत. इटलीत शाकाहाराची अडचण फारशी येत नाही, फक्त पार्मेझान चीज बनवताना प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरतात, हे कडक शाकाहारी असाल तर सांगून ठेवतो. रोममधील रस्त्यावरच्या नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, बाटल्या विकत घेऊ नयेत. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो असे विचारले तर युरोच निवडावे, रुपयांचा दर महाग पडतो. यूपीआय आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी चालते, पण त्या भरवशावर राहू नये. दोघांकडे वेगवेगळ्या बँकांचे एकेक कार्ड आणि थोडे रोख युरो असावेत, आणि लुसर्नसाठी थोडे स्विस फ्रँक.