गोळ्या लवकर सुरू करण्याबद्दल

कुणी कुणी विचारतात, तब्येत ठणठणीत असताना एचआयव्हीच्या गोळ्या कशाला? २०१५च्या 'स्टार्ट' अभ्यासात सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, ५०० च्या वर असलेले ४,६८५ जण होते. लगेच औषध घेतलेल्यांत, थांबलेल्यांच्या तुलनेत, गंभीर आजार वा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी घटला, क्षयही कमी झाला. भारतात २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, उपचार सुरू करतात.

निपाणीचा माझा मावसभाऊ मात्र 'अंगात ताकद आहे' म्हणत थांबला. तंबाखूच्या वखारीत काम, त्यामुळे खोकला आला की धुळीवर ढकलायचा. निघाला क्षय. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, यातलं एक जरी दिसलं तरी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) लगेच सांगा हो. त्याचा क्षयाचा कोर्स पुरा झालाय. आता रोज रात्री साडेनऊचा गजर वाजला की मावशी स्वतः पाण्याचा तांब्या पुढे करते.