शब्दचर्चा: कॅल्शियम दाखवणाऱ्या ‘रंगा’ला मराठीत काय म्हणावं?

नांदेडहून प्रश्न: बीएस्सीच्या पोरांपुढं बोलायचंय. विषय: जिवंत ऊतीतलं कॅल्शियम हेरणारे रंग कसे घडवतात. ‘निकट-अवरक्त प्रतिदीप्त संवेदक रंजक’ असं लिहिलं तर पोरं पहिल्याच ओळीला उठून जातील. सोपं सुचवा.

लातूर: सर, ‘अवरक्त’ राहू द्या. इथं रक्त म्हणजे तांबडा. पोरांना रगत वाटलं तरी बिघडत नाही, कारण सगळी अडचण रगताचीच हाय! हिमोग्लोबिन साधारण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलीकडचा उजेड गिळतं, ९०० च्या पुढं पाणी आडवं येतं. काम करायचं ते मधल्या पट्ट्यात.

परभणी: ‘निकट’ म्हणजे कुणाच्या निकट?

लातूर: तांबड्याच्या.

परभणी: बरं. मग नुसतं ‘रंग’ म्हणायला काय हरकत?

लातूर: हिमरूच्या सुताला रंग बसला की बसला. हा रेणू तसा नाही, कॅल्शियम भेटेपर्यंत जवळपास अंधारातच असतो. शाळेत लिटमसला ‘दर्शक’ म्हणतो, तोच शब्द घ्या: ‘प्रतिदीप्त दर्शक’. प्रतिदीप्त म्हणजे उजेड पडला की स्वतः चमकणारा. ‘संवेदक’ यंत्रांसाठी ठेवा.

याचे दोन भाग. एक कॅल्शियम पकडणारा, बहुतेक वेळा बाप्टा नावाचा रेणू. रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी तो १९८० मध्ये मांडला. पेशीत मॅग्नेशियम कितीतरी जास्त असूनही बाप्टा कॅल्शियमच धरतो. दुसरा भाग चमकणारा. बाप्टा रिकामा असला की त्याच्या कड्यातले इलेक्ट्रॉन चमकणाऱ्या भागाकडं जातात आणि त्याची चमक विझवतात. कॅल्शियम बसलं की ते अडकतात, मग उजेड पडतो. चमकणारा भाग म्हणून रोडामिन नावाचा रंग घेतला, तर त्याच्या मधल्या ऑक्सिजनच्या जागी सिलिकॉन घातला की चमक नव्वदेक नॅनोमीटरनं तांबड्याकडं सरकते. मला तरी ही युक्ती लई आवडते, एका अणूवर एवढा फरक!

पकड मात्र बेतानंच हवी. निवांत पेशीत कॅल्शियमचं प्रमाण १०० नॅनोमोलरच्या आसपास, बाहेर त्याच्या दहा हजार पट. पकड फार घट्ट ठेवली तर दर्शक आधीच भरून बसतो. शिवाय तो स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून जास्त ओतला तर जी लाट बघायची तीच दबते.

छत्रपती संभाजीनगर: काहीजण ‘स्फुरदीप्ती’ म्हणूलालेत.

लातूर: ती वेगळी, दिवा विझल्यावरही रेंगाळते. आपली प्रतिदीप्ती काही नॅनोसेकंदांत संपते.

नांदेड: ‘प्रतिदीप्त दर्शक’ पक्कं. अन् ‘एएम एस्टर’ला काय म्हणू?

लातूर: तसंच ठेवा, पण काम सांगा. बाप्टाच्या ऋणभारामुळं दर्शक पेशीच्या पटलातून आत जात नाही. एस्टर लावून तो भार झाकतात. आत गेल्यावर पेशीचीच विकरं (एन्झाइमं) एस्टर तोडतात, भार उघडा पडतो आणि दर्शक आतच अडकतो.