वीज फुकट, विहीर कोरडी

कोरडवाहू: काल इथे एकाने लिहिलं, 'साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज माफ झाली, शेतकरी सुटला.' राहवेना म्हणून लिहितोय. वीज फुकट म्हणजे उपसा फुकट. वीज आली की आपोआप चालू होणाऱ्या ऑटो-स्टार्टरवर मोटार टाकून माणूस झोपतो, पाणी रात्रभर सरीतून वाहतं. त्याची किंमत शेजारी मोजतो. वडिलांनी खणलेली आमची विहीर ५५ फुटांची. शेजारी सहाशे फूट बोअर घेतला, ऊस लावला. दुसऱ्याच उन्हाळ्यात आमच्या मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळात उघडा पडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते विसरलात? मीटर बसवा. विजेच्या सबसिडीचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाका. जो युनिट वाचवेल, पैसे त्याचे.

ऊसकरी: सोयाबीन करून बघा, मग मीटर सांगा. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, मी विकलं ४,०५० ने. उसाला त्याच वर्षी टनाला ३,४०० एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर होता, आणि माल फडातून उचलतात. हौस म्हणून कोणी ऊस लावत नाही.

थकबाकी: ३,४००? तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याचा दर, वर त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा. आणि १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम १९६६ पासून आहे. माझा ऊस जानेवारीत गेला, बिल जुलैत. लेकीची फी सोसायटीचं कर्ज काढून भरली. उशिराचं १५ टक्के व्याज तर दिसलंच नाही.

ऊसकरी: उशिरा का होईना, मिळाले ना? सोयाबीनचा फरक कोण देतंय?

थकबाकी: मिळाले त्यातून तोडणीवाल्यांना वरून द्यायची खुशाली गेली, ड्रायव्हरला वरून द्यायची एंट्री गेली. फड पेटवून द्यावासा वाटला होता.

ऊसकरी: खुशालीचं बोलू नका, पाच हजार मीही मोजलेत. पण ती टोळी तरी काय करणार, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही त्यांची.

कोरडवाहू: अहो, विषय पाण्याचा आहे! २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या, खाली जायला बंदी आहे. तरी बोअर पाडणारी रिगची गाडी गावात रात्री येते, सगळ्यांना ऐकू येते. नगरकडच्या हिवरे बाजार गावात सिंचनाला बोअर नाही, पावसाच्या हिशेबावर पिकं ठरतात.

ऊसकरी: तिथे गाव एका शब्दावर चालतं. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. बोअर मीही घेतलाय, ४२० फूट. शेजाऱ्याची विहीर आटली असेल तर नाही म्हणत नाही. बसवा मीटर. पण आधी माझं सोयाबीन हमीभावाने घेतल्याची पावती हातात द्या.