मदत हवी आहे : ठेच लागल्यावर दुखणे मागाहून का जाणवते? हिशेब जुळत नाही

पायवाट :
नमस्कार. मी एका साध्या हिशेबावर चार दिवसांपासून अडले आहे आणि उद्या सकाळपर्यंत मला उत्तर हवे आहे. पायाच्या बोटापासून मेंदूपर्यंतचे अंतर सुमारे १.६ मीटर धरले, तर पुस्तकात दिलेल्या वेगाने निरोप पोचायला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग पुरेसा आहे; प्रत्यक्षात मात्र तसे घडत नाही. चूक भागाकारात नाही, तो मी तीनदा तपासला आहे. मज्जासंस्थेची रचना मला ठाऊक आहे, तेव्हा मुळापासून समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त चूक कोठे आहे तेवढे सांगावे.

दक्षिणवारा :
आपण वेग किती धरला आहे आणि "तसे घडत नाही" म्हणजे नेमके काय घडते, या दोन्ही गोष्टी प्रश्नात नाहीत. शीर्षकात ठेच आहे, मजकुरात तिचा उल्लेखही नाही. बोट आपटल्याचेच उशिरा कळते, की आपटल्याचे लगेच कळून दुखणे तेवढे उशिरा येते? या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

आरोग्यचिंतक :
ताई, पायाच्या संवेदना उशिरा पोचत असतील तर आधी रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे, असे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही तळव्यांना सतत मुंग्या येत असत, आणि पुढे पुढे चप्पल पायातून निसटली तरी मला कळेनासे झाले. तपासणीत बी-१२ फार कमी निघाले. हे जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडले की मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण बिघडते. वेळीच उपचार झाले तर बरीचशी सुधारणा होते, पण दुर्लक्ष केले तर नुकसान कायमचे राहू शकते. हिशेब नंतरही करता येईल.

पायवाट :
मला कोणताही आजार नाही. वेग सेकंदाला १२० मीटर धरला आहे, तोच पुस्तकात आहे. अंधारात पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की आपटल्याचे तत्क्षणी कळते. मग क्षणभर काहीच नसते, त्या क्षणात आपण श्वास रोखून धरतो, कारण आता कळ येणार हे ठाऊक असते, आणि मग ती खरोखरच येते. हे सर्वांनाच होते, म्हणून मी लिहिले नव्हते. निरोप एकच आणि मार्ग एकच असताना दुखणे मागे का राहते, एवढाच माझा प्रश्न आहे.

तंतुजाल :
"निरोप एकच आणि मार्ग एकच" हे गृहीतकच चुकले आहे. आपण ज्याला एक मज्जातंतू म्हणतो तो हजारो बारीक तंतूंचा जुडगा असतो, आणि त्यांतील प्रत्येक जातीच्या तंतूचा वेग निराळा असतो. सेकंदाला ८० ते १२० मीटर हा वेग स्नायूंना हालचालीची आज्ञा नेणाऱ्या आणि स्नायू किती ताणला गेला आहे याची वार्ता आणणाऱ्या जाड तंतूंचा आहे. त्वचेवरील स्पर्श आणि दाब वाहून नेणारे तंतू सुमारे ३५ ते ७५ मीटर वेगाचे असतात. वेदनेसाठी मात्र दोन जातींचे तंतू आहेत : पातळ मायलिन असलेले, ज्यांचा वेग ५ ते ३० मीटर असतो आणि ज्यांच्यामुळे पहिली तीक्ष्ण कळ जाणवते; आणि मायलिन मुळीच नसलेले, ज्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण सावकाश चालतो तेवढाच असतो. मागाहून येऊन रेंगाळणारी ठसठस या शेवटच्या तंतूंची असते. आपला आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच तंतूंचा आहे.

शब्दवेध :
या निमित्ताने एक गोष्ट स्पष्ट व्हावी. आपण बोलताना "शीर दबली", "नस आखडली", "शिरेवर शीर चढली" असे म्हणतो, तेव्हा शीर हा शब्द रक्तवाहिनी, स्नायूबंध आणि मज्जातंतू या तिन्हींसाठी बिनदिक्कत वापरला जातो. त्यात शाळेच्या पुस्तकांत चेतातंतू आणि चेतासंस्था असे शब्द आहेत, तर वैद्यकीय लेखनात मज्जातंतू रूढ आहे, म्हणजे एकाच वस्तूला दोन नावे आणि एकाच नावाच्या तीन वस्तू. माझ्या मते चेतातंतू हाच शब्द अधिक योग्य आहे, कारण मज्जा म्हणजे हाडातील मगज असाही अर्थ होतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

आरोग्यचिंतक :
शब्द कोणताही वापरा, तंतू झिजला की त्रास सारखाच होतो. ताईंनी तपासणी टाळू नये, असे मला अजूनही वाटते.

विद्युल्लता :
मी विजेच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून सांगते. तार जितकी बारीक तितका तिचा रोध अधिक, आणि म्हणूनच बारीक तंतूतून प्रवाह हळू जातो. उत्तर एवढेच आहे, त्यासाठी चार जाती सांगण्याची आवश्यकता नव्हती.

तंतुजाल :
जाडीबाबत आपले म्हणणे अंशतः बरोबर आहे, परंतु तंतू ही तार नव्हे. तारेतील संकेत सेकंदाला हजारो किलोमीटर जातो. तसे तंतूत होत असते तर या धाग्याची गरजच पडली नसती. तंतूच्या आतील बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आवेग, म्हणजे निरोपाची विद्युत लहर, येतो तेव्हा तंतूच्या पडद्यातील सोडियमची दारे उघडतात, सोडियमचे धनभारित कण आत शिरतात आणि तेवढा भाग क्षणभर धन होतो. त्या बदलाने शेजारची दारे उघडतात आणि आवेग पुढे सरकतो. निरोप वाहत जात नाही, तो प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा राहतो, म्हणून मीटरभर अंतर कापूनही तो क्षीण होत नाही. मायलिन असलेल्या तंतूत ही दारे आवरणातील खाचांपाशी दाटलेली असतात, त्यामुळे आवेग एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत झेप घेत जातो. मायलिन नसेल तर त्याला तसूतसूने पुढे जावे लागते.

दक्षिणवारा :
मायलिन नसताना वेग वाढवायचा तर तंतू जाड करावा लागतो, हे माखली वर्गातील स्क्विड या सागरी प्राण्यात दिसते. त्याचा एक अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका, म्हणजे अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा असतो, आणि हॉजकिन व हक्सले या शास्त्रज्ञांनी त्यातच तारा घालून १९५२ मध्ये आवेगाचे गणित मांडले, ज्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल मिळाले. एवढी जाडी असूनही त्याचा वेग सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास भरतो. आपल्या शरीरात त्याहून कितीतरी बारीक तंतू मायलिनमुळे त्याच्या दुपटी-तिपटीने धावतात.

तंतुजाल यांच्या उत्तरात मात्र एक भर घालावीशी वाटते. वेदनेचा संथ तंतू बोटापासून थेट मेंदूपर्यंत जात नाही. तो मेरुरज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत, संपतो आणि तेथून दुसरी चेतापेशी निरोप वर नेते. म्हणून हिशेबात १.६ मीटर न धरता पायापासून मेरुरज्जूपर्यंतचे सुमारे एक मीटर धरावे. सेकंदाला एक मीटर या वेगाने एक सेकंद होतो, आणि ताईंनी श्वास रोखून धरला तो क्षण साधारण तेवढाच असतो. याउलट स्पर्शाचा तंतू करंगळीपासून निघून मध्ये कोठेही न थांबता मेंदूच्या पायथ्याशी पोचतो. दीड मीटरच्या आसपास लांबीची ती एकच पेशी आहे, हे मला आजही विलक्षण वाटते.

पायवाट :
आता आकडे जुळले, मनापासून आभार. एक गोष्ट मी आधी सांगितली नाही. हा प्रश्न माझ्या वर्गातील एका मुलीने विचारला होता, आणि मी तिला "निरोप तत्काळ पोचतो, दुखणे मागून येते हा तुझा भास आहे" असे सांगून खाली बसवले होते. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. उद्या सकाळी तिचा वर्ग आहे, तेव्हा हा वेग मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का?

विद्युल्लता :
मुलांना हातात हात धरून ओळीने उभे करावे, पहिल्याने दुसऱ्याचा हात दाबावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि शेवटपर्यंत लागलेला वेळ मोजावा.

तंतुजाल :
त्याने मज्जातंतूचा वेग कळणार नाही, कारण त्यातील बहुतेक वेळ मेंदूत निर्णय होण्यात आणि स्नायू आवळण्यात जातो. त्यासाठी दोन मोजमापे करून वजाबाकी करावी लागते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूला स्नायूपासून जवळ आणि दूर अशा दोन ठिकाणी चेतना देऊन, दोन वेळांतील फरकावरून सेकंदाला सुमारे २७ मीटर हा वेग काढला होता. त्यापूर्वी हा वेग मोजताच येणार नाही असे नामवंत शास्त्रज्ञही मानत. आपण वीस मुलांना एकामागे एक उभे करावे आणि प्रथम प्रत्येकाने पुढच्याचा खांदा दाबावा, मग तीच मुले बसवून घोटा दाबावा. घोट्याची वाट खांद्याच्या वाटेपेक्षा सुमारे एक मीटरने लांब आहे. वेग पन्नास मीटर धरला तर प्रत्येकामागे सेकंदाचा पन्नासावा भाग अधिक लागेल, आणि वीस जणांचा मिळून तो ०.४ सेकंद होईल. एवढा फरक साध्या स्टॉपवॉचवर दिसतो. मात्र पाच-सहा वेळा करून सरासरी घ्यावी, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत मुले नुसती शिकतच असतात.

शब्दवेध :
वर्गात कृपया चेतातंतू हाच शब्द वापरावा.

आरोग्यचिंतक :
आपटलेले बोट आपण लगेच चोळतो आणि बरे वाटते, तेही मुलांना सांगावे. त्याचे कारण मला ठाऊक नाही.

दक्षिणवारा :
चोळण्याची संवेदना स्पर्शाच्या वेगवान तंतूंनी मेरुरज्जूत पोचते आणि तेथे वेदनेच्या निरोपाला काही अंशी अडवते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये याला वेदनेचे फाटक म्हटले. त्यांच्या मांडणीतील काही तपशील पुढे बदलले, पण चोळण्यामागचे मुख्य कारण आजही तेच सांगितले जाते.

पायवाट :
उद्या पहिल्या पाच मिनिटांत मी त्या मुलीला सर्वांसमोर सांगणार आहे की तिचे निरीक्षण बरोबर होते आणि माझे उत्तर चुकले होते. साखळीत पहिली तिलाच उभी करीन आणि स्टॉपवॉचही तिच्याच हाती देईन.

तंतुजाल :
स्टॉपवॉच तिच्याकडे असेल तर शेवटच्या मुलाने तिचाच खांदा दाबावा, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकाच व्यक्तीकडे राहील. वर्गात मुले किती आहेत ते आपण सांगितले नाही. वीसपेक्षा कमी असतील तर साखळी न थांबता दोनदा फिरवावी.