व्हॅन पुन्हा बसली, शनिवारी सामान कसं न्यायचं?

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,

शनिवारी हॉलवर पडदे, नेपथ्याचे दोन फ्लॅट आणि पेटी आमच्या व्हॅनमधून न्यायची ठरली आहेत, पण व्हॅनच अडून बसली आहे. दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, नुसती टकटक. जम्प दिला की लगेच चालू होते. बॅटरी नवी आहे, दुकानात लोड टेस्टही पास झाली. त्यात न्यू जर्सीच्या गाडी-इन्स्पेक्शनवाल्यांनी परत पाठवलं. चेक इंजिनचा दिवा बंद आहे, तरी कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) आणि इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) हे दोन मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या, 'नॉट रेडी'. स्टिकरची मुदत याच महिन्यात संपते. आधी बॅटरीतून वीज कुठे गळते ते शोधू, की हायवेवर फिरवून मॉनिटर पूर्ण करून घेऊ? गाडी २००९ ची, सेकंडहँड डीलरकडून घेतलेली. 'विकून टाक' हे उत्तर कृपया नको.

मीनल

प्रेषक: अण्णा

मीनल, आधी गळती. बॅटरी तळाला गेली की कॉम्प्युटरची मेमरी पुसली जाते आणि मॉनिटर शून्यावर येतात. आज फिरवून पूर्ण केलेस आणि परवा गाडी बसली, तर सगळं पाण्यात.

चार्जरवर रात्रभर लाव. काढल्यावर तासा-दोन तासांनी १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरली. १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, तेवढे दिसले तर अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा जनरेटर) चार्ज करतोय.

मग किल्ली बाहेर, बॉनेट उघडं. ड्रायव्हरचं दार उघडं ठेव आणि त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद कर, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. निगेटिव्ह केबल काढ, मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून केबल आणि बॅटरीच्या खांबामध्ये जोड. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नकोस. सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर ५० मिलिअँपच्या खाली असेल तर ठीक. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो.

आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढून बघ. ज्याने तो खाली येईल त्या सर्किटमध्ये चोर.

अण्णा

प्रेषक: नंदू

अण्णा, फ्यूज काढायची पद्धत २००९ च्या गाडीला नको. फ्यूज उपसला की एखादं मॉड्यूल जागं होतं आणि परत अर्धा तास थांबा. फ्यूज जागेवरच ठेवा. त्याच्या पाठीवर दोन उघडे बिंदू असतात, तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावा. शून्य असेल तर त्यातून काही वाहत नाही. १५ अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १.५ मिलिव्होल्ट दिसले तर साधारण ०.३ अँपिअर जातंय. यात केबलही काढावी लागत नाही, मेमरी शाबूत राहते.

शिवाय अल्टरनेटर या छोट्या फ्यूजमधून जातच नाही. त्याचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका असेल तर सगळे फ्यूज तपासूनही काही सापडणार नाही. चार्जिंग १४ व्होल्ट दाखवलं म्हणून डायोड चांगला असं होत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडवर संशय घ्या.

नंदू

प्रेषक: अण्णा

नंदू, मिलिव्होल्टचं मान्य, पण त्या मापाला बरा मीटर लागतो. दहा डॉलरच्या मीटरचा शेवटचा आकडा नाचत राहतो. माझी पद्धत हळू आहे, फसवत नाही.

प्रेषक: सुलभावहिनी

तुमचं चालू द्या, स्टिकरचंही बघायला हवं. २००१ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना एक मॉनिटर अपूर्ण चालतो, दोन चालत नाहीत. म्हणून मीनल, इव्हॅपच्या मागे लागू नकोस, नुसता कॅटलिस्ट पूर्ण कर. इव्हॅप हट्टी असतो. टाकी पाव ते पाऊण भरलेली हवी, गाडी आठ तास थंड उभी हवी, बाहेर फार थंडी असेल तर तो सुरूच होत नाही.

कॅटलिस्टसाठी इंजिन पूर्ण गरम कर, मग २८७ हायवेवर रविवारी पहाटे, रहदारी नसताना, ताशी ५५ मैलांच्या वेगाने क्रूझ लावून दहा-पंधरा मिनिटं. नंतर ब्रेक न दाबता पाय काढून वेग खाली येऊ दे. असं दोन-तीनदा. घरीच ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून बघ, 'रेडी' दिसल्याशिवाय इन्स्पेक्शनच्या लेनमध्ये जाऊ नकोस.

आणि न्यू जर्सीत पेट्रोल आपल्याला भरता येत नाही, तेव्हा पंपावरच्या माणसाला सांग की नोझल बंद झाल्यावर वरून आणखी भरू नको, झाकणाचा 'टिक' आवाज येऊ दे. जास्त भरलं की कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरतं, मग इव्हॅपचा बिघाडाचा कोड पाठ सोडत नाही.

सुलभा

प्रेषक: कार्यवाह

सर्वांना विनंती, शनिवारच्या सामानाची गाडी सामान समिती ठरवते. व्हॅन भरवशाची नसेल तर मला गुरुवारपर्यंत कळवा, मी कार्गो व्हॅन भाड्याने घेते. हॉलच्या लोडिंग डॉकवर जम्प-केबल लावत बसलेलं व्यवस्थापनाला चालत नाही.

प्रेषक: नंदू

डॉकवर नाही, पण केबलचा क्रम सगळ्यांना माहीत असावा. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी पडली तरी बॅटरीच्या वायूजवळ पडत नाही.

प्रेषक: मीनल

सापडलं. गाडी झोपल्यावर ०.३४ अँपिअर, म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-अवर. साठ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तीन दिवसांत चाळीस टक्के गेले, आणि ऑफिस घरूनच असल्याने चार्ज व्हायला संधीच नाही. मिलिव्होल्टने १५ चा एक फ्यूज दिसला. डॅशबोर्डखाली स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला त्याच सर्किटवर चिमटे मारून जोडलेली काळी डबी निघाली, जीपीएस आणि स्टार्टर बंद करणारे दोन रिले (विजेवर चालणारे स्विच). हप्ते चुकले तर गाडी बंद पाडता यावी म्हणून जुन्या डीलरने बसवलेली असावी. तिचा प्लग काढला की ०.०३. पण आता सेल्फच लागत नाही!

प्रेषक: अण्णा

लागणार नाहीच. स्टार्टरची वायर मध्ये कापून त्या रिलेतून नेलेली असते. प्लग काढून भागत नाही, मूळ वायरची दोन टोकं परत जोडायला हवीत. सोल्डर आणि हीट-श्रिंक कर, चिमटे नकोत, ते गंजतात. दोन टोकं एकाच रंगाची असतील, तरी मीटरने खात्री कर. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावू नकोस. आणि आधी कागद बघ: कर्ज फिटलेलं असेल, टायटल (मालकीचा कागद) तुझ्याच नावावर आणि वरचं लीन (कर्ज देणाऱ्याचा हक्क) निघालेलं असेल, तरच ती डबी काढ. नाहीतर करारात तिला हात लावायची मनाई असू शकते.

प्रेषक: मीनल

टायटल स्वच्छ आहे. सोल्डरिंग गन कोणाकडे आहे? कार्यवाह, कार्गो व्हॅन घ्याच. रविवारी २८७ वर जाईन म्हणते, तोवर ही गाडी सामानाला धरू नका.