‘मनाची श्रीमंती’ हे रूपक की मूळ अर्थ?

प्रश्न : ‘मनाची श्रीमंती’, ‘शब्दसंपत्ती’, ‘विद्याधन’ हे सगळे आलंकारिक प्रयोग समजायचे का? म्हणजे खरा अर्थ पैसा आणि बाकीचा उसना, असं आहे का?

उत्तर : संपत्तीच्या बाबतीत तरी उलट आहे. सम् (उपसर्ग) + पद् (संस्कृत धातू) म्हणजे सिद्धीला जाणे, पूर्ण होणे. त्यातूनच ‘संपन्न’ आला. ‘सोहळा संपन्न झाला’ म्हणतो तेव्हा तिथे पैशाचा काहीच संबंध नसतो. सोहळा यथासांग पार पडला, एवढंच. गुणसंपन्न, शीलसंपन्न हेही तसेच. गीतेच्या 16व्या अध्यायात ‘दैवी संपद्’ सांगितली आहे. त्यात निर्भयता, दान, सत्य, अक्रोध, भूतदया अशा गोष्टी आहेत, सोनंनाणं कुठेच नाही. वेदान्तातली ‘षट्संपत्ती’ म्हणजे शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान हे मनाचे सहा गुण. एवढ्या काटेकोर शास्त्रात हा शब्द पारिभाषिक म्हणून वापरतात, तर त्याला रूपक कसं म्हणायचं? पैसा हा या अर्थाचा एक कोपरा आहे, आपण त्यालाच अख्खं घर समजू लागलो.

श्रीमंताचंही तेच. ‘श्री’ म्हणजे शोभा, तेज, वैभव. ते ज्याच्याकडे आहे तो श्रीमंत. म्हणून ‘मनाने श्रीमंत’ सहज म्हणता येतं, ‘मनाने पैसेवाला’ म्हणून बघा, जीभच अडते.

आणखी एक मत : ‘धन’ मात्र या यादीत नको. वेदात धन म्हणजे स्पर्धेत किंवा लढाईत जिंकलेलं बक्षीस, लूटसुद्धा. ते हातात धरता येतं आणि हिसकावूनही घेता येतं. विद्याधन चोराला नेता येत नाही, असं सुभाषितकार सांगतो, त्यातला जोर याच अर्थावर उभा आहे. ते रूपकच आहे, आणि फार सुंदर आहे.

प्रश्नकर्ता : पटलं. मग विरुद्धार्थी शब्दांचं काय?

उत्तर : संपत्तीच्या उलट विपत्ती, धातू तोच. पण मला सगळ्यात भिडतो तो ‘गरीब’. अरबीत त्याचा अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. ज्याच्याजवळ आपलं माणूस नाही तो गरीब; खिसा रिकामा असण्याचा अर्थ नंतर चिकटला. मराठीत तर ‘स्वभावाने गरीब’ म्हणजे सालस. ‘दरिद्री’ला अशी माया मिळाली नाही, ‘मनाचा दरिद्री’ ही निंदाच. ‘निर्धन’ मात्र धनापुरताच राहिला, तो मनाला कोणी लावत नाही.